राजगड: पुण्यातून जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न आणि त्यांची जरा लांबलेली उत्तरं

पाऊस ओसरला की ओळखीच्या ग्रुपवर तेच ते प्रश्न सुरू होतात, कुठून चढायचं, किती वेळ लागतो, वर बघायला काय आहे. त्यामुळे एकदाच सगळं इथे लिहून टाकतोय, पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवीन. वाटेची माहिती थोडी आणि गडाची जास्त असणार आहे, कारण वाट कोणीही सांगतं, पण वर गेल्यावर समोर दिसतंय ते नेमकं काय हे बऱ्याच जणांना कळतच नाही आणि मग लोक फोटो काढून, ताक पिऊन खाली येतात.

राजगड आणि रायगड एकच ना?

नाही. पुण्यात राहून हा प्रश्न विचारू नका प्लीज. रायगड घाटाखाली महाडजवळ, तिथे १६७४ ला राज्याभिषेक झाला. राजगड आपल्या पुणे जिल्ह्यात, पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात, ज्याचं नाव आता राजगड तालुकाच केलंय. आणि रायगडाच्या आधी जवळजवळ पंचवीस वर्षं स्वराज्याची राजधानी इथे होती.

किल्ला महाराजांनी बांधला की आधीपासून होता?

डोंगर आधीपासून होता, मुरुंबदेव म्हणायचे त्याला. निजामशाहीकडे होता, आदिलशाहीकडे गेला, पण तेव्हाचं बांधकाम फार काही नव्हतं. साधारण १६४६-४७ च्या सुमाराला महाराजांनी तोरणा घेतला, मग हा डोंगर ताब्यात आला आणि इथे नव्याने बांधकाम सुरू झालं. तोरण्याची डागडुजी करताना धन सापडलं आणि ते इथे वापरलं ही गोष्ट आपण सगळ्यांनी चौथीच्या पुस्तकात वाचलेली आहे, बखरींमधून आलेली आहे ती.

मला त्याहून इंटरेस्टिंग वाटतं ते हे, की तोरणा हातात असताना हा शेजारचा डोंगर का निवडला. तोरणा उंचीला भारी आहे, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, पण राजधानी म्हटलं की नुसती उंची पुरत नाही, माणसं, घोडी, धान्य, कचेऱ्या, सगळ्यांना सपाट जागा लागते आणि पाणी लागतं. मुरुंबदेवाला मधे ताठ कातळ आणि बाजूंना तीन लांब सोंडा. एका अंगाला गुंजवणीचं खोरं, दुसऱ्या अंगाला वेळवंडीचं. म्हणजे मावळातल्या दोन खोऱ्यांवर बसल्याजागी नजर राहते, आणि वर यायचं म्हणजे कुठूनही या, दमछाक ठरलेली.

गडाचा नकाशा डोक्यातच बसत नाही. सोपं करून सांगा ना.

छताचा पंखा डोळ्यासमोर आणा. मधली मोटार म्हणजे बालेकिल्ला आणि तीन पाती म्हणजे तीन माच्या, म्हणजे सोंडांवरचे तटबंदी केलेले भाग. उत्तरेला पद्मावती, पूर्वेला सुवेळा, नैर्ऋत्येला तोरण्याच्या दिशेने संजीवनी. पद्मावती रुंद आणि सपाट, बाकीच्या दोन लांब आणि अरुंद. बालेकिल्ला ह्या सगळ्यांच्या वर, समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरच्याही वर.

आता ह्यातली खरी गोम. तिन्ही माच्यांना स्वतःची तटबंदी आहे, आणि एका माचीवरून दुसरीवर जायचं तर बालेकिल्ल्याच्या कातळाखालून जाणाऱ्या चिंचोळ्या वाटेनेच जावं लागतं. म्हणजे शत्रूने समजा एक माची घेतली तरी त्याच्या हातात गड आला असं होत नाही, तो एका पट्टीवर अडकला, पुढच्या वाटेवर थोडीशी माणसं त्याला थोपवू शकतात आणि डोक्यावर बालेकिल्ला आहेच. एका डोंगरावर तीन-चार किल्ले एकमेकांना जोडून ठेवलेत असं समजा. हे एकदा डोक्यात बसलं की गडावरचा प्रत्येक दरवाजा आणि बुरूज तिथेच का आहे हे आपोआप उलगडायला लागतं.

दरवाजे किती आणि कुठला कुठे?

नेहमी बोलण्यात येतात ते पाली दरवाजा, गुंजवणे दरवाजा, चोर दरवाजा आणि आळू दरवाजा.

पाली दरवाजा हा राजमार्ग. पायऱ्या बांधलेल्या, वाट ऐसपैस, पहिला दरवाजा इतका उंच आणि रुंद की अंबारीसकट हत्ती आत यावा असं म्हणतात. तिथून थोडं वर चढलं की दुसरा दरवाजा, तो जास्त बंदोबस्तातला. त्याच्या आजूबाजूच्या तटात तोफांसाठी गोल झरोके ठेवलेत आणि आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. पहिला दरवाजा फोडून आत घुसलेला माणूस दुसऱ्यापर्यंत चढत येईस्तोवर वरून मारा खात राहणार, असा हिशोब.

गुंजवणे दरवाजा म्हणजे एकामागे एक दरवाज्यांची ओळ, पद्मावतीवरून सुवेळ्याकडे जाताना लागतो. तिथे खाली उतरून बघणारे फार कमी, त्यामुळे शांतता असते.

चोर दरवाजा म्हणजे ज्या वाटेने आज निम्मं पुणं चढतं ती. शेवटचा टप्पा अंगावर येणारा कातळ आहे, आता रेलिंग लावलंय, आणि वर पोचल्यावर एका छोट्या दिंडीतून वाकून आत जायचं की समोर पद्मावती तलाव. गंमत अशी की जी वाट कोणाला कळू नये म्हणून ठेवलेली, तिच्यावर रविवारी सकाळी ट्रॅफिक जाम असतो.

आळू दरवाजा संजीवनी माचीचा, भुतोंडे बाजूने येणाऱ्या वाटेवर.

आणि एवढे दरवाजे ठेवले म्हणजे गड कच्चा झाला का, हा प्रश्नही बरेच जण विचारतात. उलट आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे त्यांच्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, स्पष्ट म्हटलंय की किल्ल्याला एकच दरवाजा असणं हा मोठा ऐब, म्हणजे दोष, गड बघून दोन-तीन दरवाजे करावेत, चोरदिंड्या कराव्यात, आणि रोजच्या वापराला हव्यात तेवढ्या ठेवून बाकीच्या चिणून टाकाव्यात. वेढा पडला की एकच दरवाजा म्हणजे आतल्यांनाच कोंडल्यासारखं. आज्ञापत्र नंतरचं, अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं, पण हे वाचून राजगडावर गेलं की वाटतं लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर असलेच गड असणार.

पद्मावती माचीवर काय बघायचं?

राजधानीचा रोजचा कारभार बहुतेक इथूनच चालायचा, कारण सपाट जागा इथेच. पद्मावती देवीचं मंदिर, तलाव, रामेश्वराचं मंदिर, सदर, अंबारखाना म्हणजे धान्याचं कोठार, दारूकोठार, घरांची जोती. आणि सईबाईसाहेबांची समाधी. ५ सप्टेंबर १६५९ ला त्या ह्याच गडावर गेल्या. तारीख नीट बघा, अफजलखानाचा वध १० नोव्हेंबर १६५९ चा. खान चालून येतोय, महाराज पावसाळ्यातच राजगडावरून प्रतापगडाकडे गेलेले आणि इकडे मागे घरात हे. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे. समाधीपाशी चपला बाजूला काढून दोन मिनिटं उभं राहायला कोणाची हरकत नसावी, तिथे टेकून डबा उघडणारे लोक बघितले की डोकंच फिरतं.

संभाजी महाराजांचा जन्म इथलाच ना?

नाही, पुरंदरचा, १४ मे १६५७. राजगडावर जन्मले ते राजाराम महाराज, २४ फेब्रुवारी १६७०.

सुवेळा माची म्हणजेच ते नेढं का?

नेढं सुवेळा माचीवर आहे, पण सुवेळा माची म्हणजे फक्त नेढं नाही. खडकाला आरपार पडलेलं भलं मोठं भोक, वाऱ्यापावसाने कातळातला मऊ भाग झिजून तयार झालेलं, माणसांनी खोदलेलं नाही. त्यात बसलं की दोन्हीकडची खोरी दिसतात आणि वारा असा की टोपी गेलीच समजा. वर चढायला थोडं हाताला धरून जावं लागतं. गर्दी असेल तर खाली थांबा, आणि कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर आरडाओरडा नको, परफ्युम नको, धूर तर अजिबातच नको.

नेढ्याच्या पलीकडे माची पुढे निमुळती होत जाते. सगळी माची क्रमाने सांगायची तर सुरुवातीचा उंचवटा म्हणजे डुबा, मग झुंजार बुरूज, मग हत्ती प्रस्तर म्हणून ओळखला जाणारा खडक, ज्यात हे नेढं आहे, आणि टोकाकडे परत तटबंदी. माची पूर्वेला असल्याने सूर्योदय इथून बघायचा. मोगलांशी झालेल्या झुंजीत संताजी शिळीमकर ह्याच माचीवर पडले. नेढ्यात फोटो काढून परत फिरणाऱ्यांना मी एकच सांगतो, अजून पंधरा-वीस मिनिटं पुढे चाला.

संजीवनी माचीला एवढं काय आहे? लांब पडते, सोडली तर चालेल का?

नाही चालणार. एकच माची बघायला वेळ असेल तर हीच बघा, पद्मावती तशीही जाता-येता होते.

संजीवनी साधारण अडीच किलोमीटर लांब, तीन टप्प्यांत उतरत जाते आणि बाजूने बुरुजांची रांग, एकोणीस बुरूज. पण मुख्य गोष्ट बुरूज नाहीत, दुहेरी तट आहे. म्हणजे बाहेरची एक भिंत, मधे माणूस जेमतेम चालेल एवढी खोल अरुंद नाळ, आणि आत दुसरी भिंत. आता विचार करा, शत्रू शिड्या लावून बाहेरच्या तटावर चढला. त्याला वाटलं जिंकलो. आत बघतो तर समोर आणखी एक भिंत, मधे खड्डा, आणि वरून दगड-गोळ्या. नाळेत उतरला तर तिथून पळायलाही जागा नाही, हत्यार फिरवायलाही नाही. तोफ लावून बाहेरचा तट पाडला तरी आतला तसाच उभा.

बुरुजांचंही तेच. ह्यांना चिलखती बुरूज म्हणतात, आतल्या बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचं कवच घातलंय. आणि गडावरच्या लोकांना बाहेरच्या तटापर्यंत जाता यावं म्हणून बुरुजाच्या पोटातून खाली उतरणाऱ्या अरुंद पायऱ्या ठेवल्यात, वरून बघितलं तर नुसतं काळं भोक दिसतं. टॉर्च घेऊन, खाली साप-विंचू नाही ना बघून उतरायला हरकत नाही, पण पावसाळ्यात नको, शेवाळ असतं आणि दगड सुटलेले असतात.

एवढा खटाटोप नेमका इथेच का? कारण ही सोंड लांबवर जाते, पुढे तोरण्याच्या बाजूच्या धारेला मिळते, म्हणजे डोंगराडोंगराने चालत येता येईल अशी ही बाजू. बालेकिल्ल्याला ताठ कडा आहे म्हणून तिथे भिंतीला फार काम नाही, इथे तशी सोय नव्हती म्हणून बांधकामावर भर दिला. सतराव्या शतकातल्या डोंगरी किल्ल्यांमध्ये एवढा विचार करून केलेला दुहेरी तट मला तरी दुसरीकडे बघायला मिळालेला नाही, आणि लोक ऊन लागतं म्हणून सोडतात.

बालेकिल्ल्यावर जाणं अवघड आहे का?

अवघड नाही, पण घाबरणाऱ्यांनी गर्दीत जाऊ नये. कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आणि आधाराला रेलिंग. वर महादरवाजा, आजही नीट उभा, त्यावर कमळ-स्वस्तिकाची कोरीव चिन्हं. अफजलखानाचं मस्तक ह्या दरवाज्यापाशी पुरलं असं परंपरेने सांगतात. आत जननीदेवीचं ठाणं, चंद्रतळं, ब्रह्मर्षीचं मंदिर आणि राजवाड्याची जोती. ‘वाडा कुठाय?’ असं वर पोचलेला प्रत्येक माणूस विचारतो. तुम्ही त्याच्यावरच उभे असता.

मग सगळं पडलं कसं? इंग्रजांनी उडवलं का?

प्रत्येक पडक्या भिंतीचं बिल इंग्रजांच्या नावावर फाडायची आपल्याला सवय आहे. इथे गोष्ट बरीचशी साधी आहे. वाडे, घरं, कोठारं यांचं जोतं दगडी असायचं, पण वरचा सांगाडा लाकडाचा, भिंती विटा-मातीच्या, छप्पर कौलाचं किंवा गवताचं. राजधानी हलली, वस्ती पातळ झाली, दरवर्षी छप्पर शाकारणारं कोणी राहिलं नाही, आणि मावळातला पाऊस चार-पाच पावसाळ्यांत छप्पर नसलेल्या घराचं काय करतो हे गावाकडच्या कोणालाही विचारा. त्यात वेढे, तोफा, जाळपोळ. दगडी तट, दरवाजे, टाकी राहिली, बाकीचं मातीत गेलं.

गडावर घडलेल्या मोठ्या घटना थोडक्यात सांगाल का?

थोडक्यात अवघड आहे, कारण १६४८ ते १६७० च्या आसपासचा अर्धा इतिहास इथून हललेला आहे. १६६४ ची सुरतेची लूट राजगडावर आली. १६६५ ला मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखान पुरंदराला भिडले तेव्हा मोगलांच्या एका फौजेने राजगडाखालची गावंही जाळली, पण गडावरच्या माऱ्यामुळे त्यांना वर सरकता आलं नाही. मग पुरंदरचा तह, २३ किल्ले गेले, स्वराज्यात १२ राहिले, आणि त्या बारांत राजगड होता. १६६६ ला आग्र्याहून सुटून महाराज परत आले ते इथेच.

आणि ४ फेब्रुवारी १६७०. तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला त्या रात्री गड घेतल्याची खूण म्हणून वर आग लावली आणि तिचा उजेड महाराजांनी राजगडावरून बघितला, असं सभासद बखरीत आहे. हवा स्वच्छ असेल तर राजगडावरून सिंहगड दिसतो. आता टीव्हीच्या टॉवरमुळे लगेच ओळखूही येतो. तिथे उभं राहून ती रात्र डोक्यात आणून बघा.

पुढे राजधानी रायगडावर गेली. संभाजी महाराजांनंतरच्या धामधुमीत राजगड मोगलांकडे गेला, १६९२ ला शंकराजी नारायण सचिवांनी परत घेतला. मग १७०३ च्या अखेरीला खुद्द औरंगजेब वेढा घालायला आला, ऐंशी ओलांडलेला माणूस, हा असला मुलूख, आणि १७०४ च्या फेब्रुवारीत गड त्याच्या हाती आला. नाव ठेवलं नबीशहागड. टिकलं किती, तर १७०७ ला गुणाजी सावंतांनी गड परत घेतला. नंतर भोरच्या सचिवांकडे, म्हणजे भोर संस्थानात, आणि १९४८ ला संस्थान विलीन झालं तोपर्यंत तिकडेच.

राजधानी हलवली का? गडात काही कमी होतं का?

गडात कमी नव्हतं, राज्य मोठं झालं होतं. राजगड पुण्याच्या मुलखाला जवळ, आणि पुण्यात मोगल फौजा येऊन बसतात हे शाहिस्तेखानापासून सगळ्यांनी अनुभवलेलं. रायगड सह्याद्रीच्या पलीकडे, समुद्राला आणि कोकणातल्या बंदरांना जवळ, माथा मोठा आणि फौज घेऊन पोचायला आणखी त्रासाचा. आरमार उभं राहिल्यावर तिकडे ओढा असणारच होता. तरी अडीअडचणीत लढायला मला कोणी दोन्हींपैकी एक गड निवडायला सांगितला तर मी राजगडच घेईन. ह्यावर रायगडवाले भांडतील, भांडू द्या.

पाण्याचं काय करायचे तेव्हा? आणि आता आपण काय करायचं?

तेव्हा पद्मावती तलाव, बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं आणि जागोजागी कातळात खोदलेली टाकी. टाकं खोदताना निघालेला दगड बांधकामाला, आणि खड्डा पावसाचं पाणी साठवायला, दोन्ही कामं एकदम. आज्ञापत्रातही आधी पाणी बघून मगच गड बांधावा असंच सांगितलंय.

आता तुम्ही माणशी तीन लिटर घेऊन जा. वर गावातले लोक ताक, लिंबू सरबत, पिठलं-भाकरी विकतात, घ्या त्यांच्याकडून, घासाघीस करू नका, ती हंडी त्यांनी डोक्यावरून वर आणलेली असते. तलावात पाय बुडवून बसू नका आणि बाटल्या खाली आणा.

पुण्यातून जायचं कसं? कुठली वाट घ्यायची?

स्वारगेटवरून सातारा रोड, खेड शिवापूरचा टोल, पुढे नसरापूर फाट्याला, म्हणजे चेलाडीला, उजवीकडे वळायचं. नसरापूर, बनेश्वर, मग वेल्ह्याच्या रस्त्याने मार्गासनी आणि तिथून साखरवरून गुंजवणे. पन्नास-साठ किलोमीटर धरा. एसटीने यायचं तर वेल्ह्याकडची गाडी बघा, पण परतीची वेळ आधी विचारून ठेवा नाहीतर जीपवाल्याच्या मनावर.

गुंजवण्यातून चोर दरवाजा, अडीच-तीन तास, शेवटी कातळ. पालीतून पाली दरवाजा, पायऱ्यांची वाट, थोडी सोपी. आई-बाबा, लहान पोरं असतील तर पाली. चढताना एक आणि उतरताना दुसरी असं जमलं तर उत्तम, पण गाडी कुठल्या गावात लावलीय ह्याचा विचार निघायच्या आधी करा.

एका दिवसात सगळा गड होतो का?

पहाटे पुणं सोडलं आणि दमदार चालणारे असाल तर होतो, पण धावपळ होते. बालेकिल्ला आणि संजीवनी नीट, आणि नेढ्यापर्यंत सुवेळा, असं ठरवा. मुक्कामाचे नियम अधूनमधून बदलतात, निघायच्या आधी पायथ्याच्या गावात फोन करून विचारून घ्या.

युनेस्कोच्या यादीत राजगड आलाय हे खरं का?

खरं आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश ह्या नावाने १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, महाराष्ट्रातले ११ आणि तमिळनाडूतली जिंजी. राजगड त्यात आहे, आपल्या जिल्ह्यातले शिवनेरी आणि लोहगडही आहेत. सिंहगड आणि तोरणा नाहीत. भिंतीवर नाव कोरणं आधीही गुन्हाच होता, यादीत आल्यामुळे झाला असं नाही.

राजगडावरून तोरण्याला चालत जाता येतं म्हणतात ते?

येतं. संजीवनी माचीवरून उतरून डोंगरधारेने चालत तोरण्याच्या बुधला माचीकडे चढायचं. पूर्ण दिवस जातो, मधे पाण्याची खात्री नाही आणि धुक्यात फाटे चुकतात, त्यामुळे वाट माहीत असलेला माणूस बरोबर हवा. पहिल्यांदा राजगडला येणाऱ्याने हा बेत त्याच खेपेला करू नये. हिवाळ्यात करा, उन्हाळ्यात धारेवर सावलीचं झाडसुद्धा मोजून मिळतं.